उत्तरेची भिंत

लेमुय बेटावर पाऊस उत्तरेकडून येतो,
आडवा,
खाडी ओलांडताना मीठ उचलून.
म्हणून फेब्रुवारीत, उन्हाळ्याचे चार कोरडे दिवस धरून,
आधी उत्तरेची भिंत.

एलेउतेरिओ खाली, खुर्चीत.
मांडीवर कांबळं, कांबळ्यावर मांजर,
मोडलेला पाय स्टुलावर.
एकतीस वर्षं शिडीवर तो होता, खाली मी.
यंदा उलट.
यंदा कळलं, खालून किती बोलता येतं.

‘खवल्याची कड बघ, कड.
लाकूड पोटानं पीत नाही,
कापलेल्या टोकानं पितं. तिथं तेल पाज.’
ठाऊक आहे मला.
एकतीस वर्षं डबा कुणी धरला?

माझा बाप समुद्रसिंहाची चरबी वितळवून
तांबड्या मातीत कालवायचा.
वास असा, की महिनाभर पाहुणा फिरकत नसे,
कुत्री मात्र रात्रभर भिंत चाटत.
आता जवसाचं तेल, उकळलेलं,
त्यात झाकणभर टर्पेंटाईन.

मधे एकदा मुलानं पुंता अरेनासहून रंग पाठवला.
प्लास्टिकचा, निळा, दहा वर्षांची हमी.
डब्यावर हसरं कुटुंब,
त्यांच्या घरावर एकही ढग नाही.
दोन हिवाळे भिंत चमकली.
तिसऱ्यात तिला फोड आले,
भाजल्या हाताला येतात तसे.
एक मी नखानं फोडला,
आतून पाणी आलं, पाण्यामागं
दुधात बुडवलेल्या पावासारखं लाकूड.
एलेउतेरिओ एवढंच म्हणाला,
‘भिजून लाकूड मरत नाही गं.
वाळू दिलं नाही, की मरतं.’
मुलाला आम्ही कळवलं, रंग छान बसला.

त्या निळ्याच्या खपल्या अजून निघतात.
खरवडते, आणि सुरीचं टोक टोचत पुढं जाते.
टणक. टणक. टणक.
खिडकीच्या डाव्या हाताला
सुरी आत गेली, आवाज न करता.

खवला उपटला.
मधोमध उभी चीर, चिरेभोवती काळं,
आणि दोन्ही कडांना एकेक खिळा.
लाकूड पावसात फुगतं, उन्हात आक्रसतं,
असं दोन्हीकडून जखडलं तर फाटणारच.
खिळे आत घ्यावेत, जवळजवळ,
त्याला हलायला जागा ठेवावी,
हे मला त्यानंच शिकवलं.
आणि या खिळ्यांची डोकी तिरपी.
तिरपं ठोकणारा हात या बेटावर एकच.

खाली पाहिलं.
तो मांजराला सांगत होता,
हल्लीच्या सुतारांना खिळा कुठं मारावा कळत नाही.

‘काय निघालं?’
‘काही नाही. चिमणीचं घरटं.’
खवला एप्रनच्या खिशात गेला,
त्याच्या जागी नवा,
अजून तांबूस, सगळ्या करड्यांत उघडा पडलेला.

संध्याकाळी चुलीपाशी
सरपणाची टोपली चाळताना तो त्याच्या हाती लागला.
एका भोकावरून अंगठा फिरवला,
मग दुसऱ्या.
‘चिमणी,’ तो म्हणाला.
‘चिमणी,’ मी म्हटलं.
चुलीत टाकला नाही त्यानं. शेजारी ठेवला, उलटा.

मग दाराकडं बघत,
‘फडकी?’

तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात फेकली
की आपली आपण तापत जातात,
आणि रात्री कधीतरी पेट घेतात.
रोसाल्बा ग्वेन्तेओची शेड अशीच गेली.
बाहेर आले. कुंपणाच्या तारेवर
एकेक फडकं सोडवून, पसरून लावलं.
पलीकडून कुणीतरी विचारलं,
या वेळी धुणं?
हो म्हटलं.

परतताना भिंतीला हात लावून पाहिला.
सकाळची कड अजून ओली होती,
बोटाला चिकटली.