मादी, एकेचाळीस

द्रावा नदीच्या या काठाला पॉप्लर मोप.
ओळीने लावलेले, सरळसोट:
हजार खोडं, झाड एकच.
एकाला तांबेरा लागला
की सगळा काठ तांबडा.

डोर्का शोधतेय जुनं, रानातलं. तेही मादी.
नावाडी वेंडेल हसतो,
"ती होय! गाठाळ, वाकडी.
दर मे महिन्यात तिचा कापूस
आमच्या वाळत्या चादरींवर.
बायको म्हणायची, तोडा.
तोडणारच होतो. बायकोच गेली."

शिडी. कात्री. बारा डहाळ्या
ओल्या फडक्यात. वर चिठ्ठी: मादी, ४१.

वेंडेल चिठ्ठी उलटी करतो,
पेन्सिलीने मागे काहीतरी लिहितो.
नाव असावं.

धरणापासून पूर नाही, उघडी वाळू नाही,
बी पडतं नि वाहून जातं.
पलीकडे नर आहे म्हणतात, एकुलता.
वाऱ्याचं काही सांगता येत नाही.