अट क्रमांक नऊ

पहिला अर्ज मीच टाईप केला होता.
नाशिकच्या कोर्टाच्या भिंतीला लागून माझं टेबल,
समोर सीबीएसचा गोंगाट.
प्रिंटरची शाई संपत आलेली,
'क्रूरता' हा शब्द दर पानावर फिकट उमटला.
वकील म्हणाले, चालेल, वाचता येतो.

मग जयदीप बोरस्तेंची कैफियत आली.
परिच्छेद तीन ते एकोणीस:
मजकूर खोटा व लबाडीचा, मान्य व कबूल नाही.
सतरा वेळा तेच वाक्य.
मी एकदाच टाईप केलं.

चार उन्हाळे तारखांवर गेले.
तिचा मामा ओझरहून रजा टाकून यायचा,
साक्ष व्हायची नाही, मिसळ खाऊन परतायचा.
त्याची बहीण उलटतपासणीत रडली
आणि बाहेर आल्यावर रेवतीकडेच
पाण्याची बाटली मागितली, सवयीनं.
रेवतीनं दिली.

शेवटी मॅडमनी मध्यस्थीला पाठवलं.
त्या खोलीतलं बाहेर येऊ नये असा नियम आहे,
पण शिपाई चहाला माझ्याच टेबलाशी येतो.
पोटगी एकरकमी ठरली,
इंदिरानगरचा फ्लॅट, त्याचे उरलेले हप्ते,
दागिने ग्रॅमसकट.
अडलं मिक्सरवर.
मिक्सर तिच्याकडे, चटणीचं लहान भांडं त्याच्याकडे.
साडेतीनशेला नवं मिळतं, दोन्ही वकील म्हणाले,
पहिल्यांदाच एका सुरात.
प्रश्न पैशाचा नाही, असं ते दोघं म्हणाले.
तेही एका सुरात.

मध्यस्थ बाईंनी विचारलं, काय वाटायचात त्यात?
जवस, तो म्हणाला.
झाकण सैल होतं, ती म्हणाली,
एकानं दाबून धरावं लागायचं.
मग म्हणे बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.

काल मी संमतीच्या अटी टाईप केल्या.
अट नऊ: लहान भांडे, झाकणासह, स्वाधीन करावे.
अट दहा: अन्वी दर रविवारी वडिलांकडे, दहा ते पाच.
साडेपाच करा, रेवती म्हणाली,
सिटी सेंटरजवळ ट्रॅफिक असतं.
अट अकरा मी न बघता टाईप करतो:
उभयतांची एकमेकांविरुद्ध कोणतीही तक्रार उरलेली नाही.
तिनं त्यावर बोट ठेवलं.
हे असंच लिहावं लागतं?
लागतं, मी म्हणालो.

घाईत तिनं त्याच्या जागेवर सही केली.
खोडली.
खाडाखोडीशेजारी दोघांची सही लागते,
दोघं वाकले, एकच पेन.

सात पानं, पानाला तीस रुपये.
दोघांनीही पाचशेची नोट काढली.
माझ्याकडे सुटे नव्हते.