मागच्या बाजूला

अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवलेल्या लाद्या
आम्ही टेम्पोत उभ्या बांधल्या, मध्ये पोत्यांचे बोळे.
गोकुळ शिरगावच्या शेडमधून निघताना
नदाफबाई म्हणाल्या, सावकाश घे रे, अंडी आहेत समज.
फोडायलाच नेत होतो.
तरी सावकाश घेतला.

टोपच्या पलीकडं एक बंद पडलेली खाण.
खडी मीच चाळली होती, म्हणून ओळखली.
इथलीच. लादी होऊन
आपल्याच खड्ड्यात परत आली होती.

हवालदार ईश्वरा खोत, निवृत्त,
बंदूक चौकटीत आवळून दोरी लांब धरून बसले.
कान झाका, म्हणाले. मी झाकले.
आवाज आला तेव्हा काम होऊन गेलं होतं.

पहिली लादी पातळ.
समोर बशीएवढा उथळ खड्डा,
बशीच्या मधोमध करंगळी जाईल असं भोक,
कडेला पांढरं पीठ.
एवढंच? मी म्हणालो.
मागं ये, बाई म्हणाल्या.
मागं परातीएवढं उडालं होतं.
सळया उघड्या, एक वाकून बाहेर आलेली,
आणि जमिनीवर, दहा पावलांपर्यंत, खडी.

मग त्यांनी खडूनं लादीच्या कडेवर रेघ ओढून सांगितलं:
धक्का आतून पळतो, दाबत दाबत.
दाब काँक्रीट सोसतं, कितीही म्हण.
पण मागच्या तोंडाशी पोचला की पुढं काही नसतं,
नुसती हवा.
तिथून तो उलटा फिरतो. आता ओढत येतो.
ओढ नाही सोसत त्याला.

दुसरी लादी जाड, वीतभर आणि चार बोटं.
गोळी आत रुतून बसली.
गेली नाही! मी टाळीच वाजवली.
नदाफबाईंनी वहीत लिहिलं: आरपार, नाही.

खोत मात्र उठून मागं गेले होते.
वाकले. एक ढेकूळ उचललं, वाटीएवढं,
अजून गरम आहे का बघावं तसं तळहातावर धरलं.

आमच्या मोर्च्याची भिंत एवढीच होती, म्हणाले.
मुरगूडचा सोपान भिंतीला टेकून बटाटे सोलत होता.
गोळा आत आलाच नाही.
भिंत आत आली.

कागदावर लिहिलं होतं, भिंत भेदली नाही.
खोटं नव्हतं ते.

कुणी काही बोललं नाही.
वर कड्यावर एक म्हैस आमच्याकडं बघत चघळत होती.
बाईंनी झाडू मागितला.
लादीच्या मागचं सगळं झाडून गोळा केलं,
चुरा, कपच्या, ते ढेकूळसुद्धा, खोतांकडून मागून,
आणि गुळाच्या अड्ड्यावरून आणलेल्या ताजव्यात घातलं.
सहाशे चाळीस ग्रॅम.
वहीत रकाना नव्हता. पट्टी घेऊन त्यांनी
उजव्या कडेला एक आखला.
वर लिहिलं: मागं पडलेलं.

तिसरी तेवढीच जाड,
पण हिच्यात मी तारेचे तुकडे कालवले होते,
नखाएवढे, हजारो, हातमोजा फाटून
अंगठ्यात अजून एक रुतलेला.

दोरी ओढली. आवाज. धूळ.
या वेळी आधी कुणी समोर गेलंच नाही.

मागची बाजू फुगली होती.
कोळ्याच्या जाळ्यासारखी चिरली होती,
आणि चिरांच्या आत, नीट बघितलं तर,
तारा दिसत होत्या, ताणलेल्या,
या कडेला त्या कडेशी धरून.
खाली काही पडलं नव्हतं.
बाईंनी तरी झाडू फिरवला. ताजवा रिकामाच ठेवला,
काटा थांबेपर्यंत थांबल्या, मग शून्य लिहिलं.

खोतांनी त्या फुगवट्यावर पंजा ठेवला,
तापलेलं पोट चाचपावं तसा,
आणि बराच वेळ काढला नाही.

टेम्पोत बसताना मला विचारलं,
घमेल्याला किती घातलेलास?
दोन मुठी, म्हणालो.
तुझ्या मुठी?
माझ्या.

त्यांनी माझा हात उलटा करून बघितला.
शिरोलीच्या नाक्यापर्यंत काही बोलले नाहीत.
मग रस्त्याकडं बघत, स्वतःशीच,
दोन मुठी, म्हणाले.