खांद्यापर्यंत

शिरोड्याच्या दवाखान्यात पहिले आठ दिवस
मला एकाही जनावराला हात लावू दिला नाही.
मुकादम बाईंनी गोणपाटात बांधलेली एक पिशवी दिली,
आत कोमट पेज
आणि पेजेत काय काय.
"डोळे मीट. हात घाल. सांग."

किल्ली. तिसऱ्याची शिंपली. लशीची रिकामी बाटली.
करवंटी म्हणाले, ते निघालं बोकडाच्या कवटीचं हाड.
परभणीला शरीररचनेत मी पहिली आले होते.
इनास, तिथला ड्रेसर, पलीकडे बँडेज गुंडाळत
हसायचं नाही म्हणून खोकत राहिला.

नखं तोच तपासायचा, रोज सकाळी,
शाळेतल्यासारखे हात पुढे करायला लावून.
"अंगठी काढ बाय. ती आत रवली तर
शोधूक कोण जातलो?"

मग एक दिवस पिशवीत पाय होता,
मेलेल्या जन्माचा, खडेमिठात राखलेला.
पुढचा की मागचा?
मी खुरालाच विचारत बसले.
"खूर दोन्हीकडे तेच सांगतो. वर ये.
पहिला सांधा वाकव. आता त्याच्या वरचा.
दोन्ही एकाच बाजूला वाकले, पुढचा.
एकमेकांच्या उलट गेले, मागचा.
रात्री अडीच वाजता शेणात आडवी असशील,
तेव्हा पुस्तक नसेल. एवढंच असेल."

दिवसा कुत्रे यायचे, ओठात गळ रुतलेले.
गळ मागे ओढायचा नसतो.
पुढेच ढकलायचा, टोक बाहेर आलं की तोडायचं,
मग उरलेला आल्या वाटेने.
मान पडलेल्या कोंबड्या यायच्या, खोक्यात,
खोक्यावर बिस्किटांचं चित्र.
आणि एक पोपट, ज्याला काहीच झालं नव्हतं.

शेवंता आरोसकरचा फोन आला तो मात्र रात्रीच.
मिठागराच्या बांधापलीकडे गोठा,
वर बल्ब नाही, इनासच्या हातात मोबाईल.
बाईंचं मनगट पावसाळ्यापासून सुजलेलं.
त्यांनी माझ्या हाताला साबण लावायला घेतला,
बोटांपासून कोपर, कोपरापासून वर,
आणि शेवंता म्हणाली, "ह्या चेडवाक जमतला?"
बाई साबण लावत राहिल्या.

आत गेल्यावर डोळे आपोआप मिटले.
पेज नव्हती ती, पेजेपेक्षा ऊन.
कळ आली की म्हशीचं अख्खं अंग
माझ्या हाडावर आवळायचं,
मी थांबायचे, दात खाऊन,
कळ ओसरली की पुन्हा पुढे.
एक पाय. सांधा. त्याच्या वरचा सांधा.
एकाच बाजूला.
दुसराही तसाच. डोकं कुठे?
डोकं मागे वळलेलं, बरगड्यांवर टेकलेलं,
झोपल्यासारखं.
कान लागला, मग डोळ्याची खोबण, मग ओठ.
बोट तोंडात घातलं.

चोखलं नाही.

पुन्हा घातलं.
मी काही बोलले नाही.
बाईंनी फक्त माझ्या खांद्याकडे पाहिलं
आणि इनासला म्हणाल्या, दोरी दे.
मग अंग मागे रेटायचं, जबडा पुढे घ्यायचा,
रेटायचं, घ्यायचा.
किती वेळ ते इनासच्या मोबाईलला माहीत.
एकदाची मान सरळ आली
आणि रेडकू आलं, पूर्ण वाढलेलं,
कपाळावर पांढरा टिळा.

शेवंताने ते पोत्यावर घेतलं, पुसलं,
कोणीही पुसण्यासारखं काही उरलं नसताना पुसलं.
"म्हस रवली मां?"
रवली, बाई म्हणाल्या.
"मग झाला."

म्हैस उठली, तिसऱ्या खेपेला.
वळली, इकडे तिकडे हुंगत राहिली,
आणि माझ्या हातापाशी थांबली.
चाटू लागली.
मनगटापासून वर, खरखरीत, घाई न करता,
चाटून कोरडं करायचं असतं तसं,
उठवायचं असतं तसं.
मी हात मागे घेणार होते.
बाईंनी मान हलवली: राहू दे.

"घामाचा मीठ," शेवंता म्हणाली,
तोंड फिरवून. "मीठ चाटता ती."

आम्ही तिघांनीही हो म्हटलं.