पासंग

सेलूच्या मोंढ्यात मी काटे दुरुस्त करतो.
सोपान पांचाळ. पाटी नाही, लागत नाही.
ज्याचा काटा बिघडतो तो शोधत येतो,
आणि ज्याला बिघडवायचा असतो
तो दिवेलागणीनंतर.

बत्तीस वर्षांत
खोटा काटा मला कुणीच मागितला नाही.
'जरा सैल करा' म्हणतात,
'वाऱ्यानं हलायलाय' म्हणतात.
भुजंगराव आडते म्हणाले,
'सोपानराव, त्याला थोडं आमच्या बाजूनं
विचार करायला शिकवा.'
त्यांच्या भिंतीवर लिहिलंय : देव सगळं पाहतो.
पाटीचं तोंड गिऱ्हाइकाकडं आहे.

माल आणणारेही काही संत नाहीत.
रात्री कापसावर पाणी मारतात,
सकाळी म्हणतात, दव पडलं.
दोन किलो पाणी, दोन किलो दांडी.
मग दोघं एकाच टपरीवर
जग किती बिघडलंय यावर चहा पितात,
आणि टपरीवाला दुधात...
जाऊ द्या.
दोन लबाड्या समोरासमोर आल्या
की दांडी बरोबर मध्ये थांबते.
लोक त्याला बाजारभाव म्हणतात.

कर नाही त्याला डर कशाला?
वजनमापाचा साहेब येतो त्या दिवशी
घाम फुटतो भाजीवाल्या हलीमाबीला,
जिच्या तागडीत आजवर गुंजभर खोट निघाली नाही.
भुजंगराव पंखा साहेबाकडं वळवतात.

पेरलं तसं उगवतं म्हणे.
हे ज्यानं काढलं
त्याच्या काळी बोगस बियाणं नसावं.

एकच माणूस उजेडी आला. नागोराव गुरुजी.
रिटायर होऊन किराणा टाकलेला.
'काटा खरा करून द्या,' म्हणाले.
माझा हात थरथरला, सवय नव्हती.
केला.
महिनाभर दुकानात माश्या.
लोक म्हणायचे, एवढा खरा कसा?
नक्की काहीतरी असणार.
गुरुजी परत आले, या खेपेला अंधारात.
आता साखर रुपयानं स्वस्त,
दांडी सव्वा रुपयानं चढी,
आणि दारात रांग.
'मास्तर माणूस,' लोक म्हणतात, 'लबाडी कशाला करील?'

हल्ली काटे आकड्यांचे आले.
लाल आकडे बघून गावाला वाटलं, खोटं संपलं.
आकडे बिचारे शिकवाल तेवढंच बोलतात.
शिकवणी माझा पोरगा घेतो.

माझ्याकडं पितळी वजनांचा एक संच आहे,
अस्सल, सरकारी छापाचा.
मखमलीत ठेवलाय. दसऱ्याला पुजतो.
वापरत नाही. झिजतात.

बायको विचारते, 'रातच्याला झोप कशी लागती तुमाला?'
लागते की. थोडी उजवीकडं झुकून.
मनही शेवटी काटाच,
त्याचा पासंग कुठं चिकटवलाय
ते मला पक्कं ठाऊक आहे.
काढलाही असता एखाद्या दिवशी,
पण गावात दुरुस्तीवाला मी एकटाच,
आणि दिवसाउजेडी
माझ्याकडं कोण येतं?