पाचवं

दिवा कोळीवाड्याचे पोशाकाका
आइस्क्रीमच्या जुन्या डब्यातून चिखल आणून देतात.
तिवरांच्या मुळांपासचा, ओहोटीचा, कोपरभर खालचा.
"एवढ्या शिकल्या पोरी, आन् मागतात काय, तर रेंदा!"

रबाळ्याच्या लॅबमध्ये तो मी कालवते,
पातळ करते, परत पातळ करते,
आगरवर पसरते.
(आमच्या आजोबांचं आगर मिठाचं होतं.
माझं बशीत मावतं.)

आठव्या दिवशी खडूच्या भुकटीसारखा ठिपका,
त्याच्या अंगावर तपकिरी एक थेंब.
थेंबाभोवती दुसरं काही उगवत नाही.

थेंबामागे रांग आहे.
पहिलं विकर दोन कार्बन उचलतं,
लवचीक हाताने पुढच्याच्या हाती देतं.
ते दोन जोडतं.
तिसरं जोडतं, वर हायड्रोजन ठेवतं,
चौथं पाण्याचा एक रेणू काढून घेतं.
साखळी वाढते, हातातून हातात,
मध्ये कुठेच खाली ठेवायची नाही.
शेवटचं तिला सोडवतं
आणि सोडवता सोडवता शेपूट कमरेला जोडून
कडं करतं.
ते कडं रांगेतल्या कुणीच आधी पाहिलेलं नसतं.

पाचवं मात्र बिघडलेलं.
जनुकात वाचलं आम्ही :
त्याचा जोडणारा भाग केव्हाचा मोडलाय.
चौथ्याकडून घेतं, सहाव्याला देतं.
बस्.

गुर्जर मॅडम म्हणाल्या, "काढून टाक.
जंतूचा तेवढाच भार हलका."
काढायला मला सव्वातीन महिने लागले.
बारा दिवस फ्लास्क हलत राहिले अठ्ठावीस अंशांवर.
आलेखावर चौदाव्या मिनिटाला जिथे सुळका यायचा
तिथे सपाट.
साखळी चौथ्याच्या हातात तशीच लोंबत राहिली असणार.

बाबा बावीस वर्षं महाप्याला स्विचच्या लाइनवर होते.
जेवताना त्यांना सांगितलं.
"होता तसा एक आमच्यात," म्हणाले,
"पट्टा वळायचा त्या कोपऱ्यावर.
माल इकडून घ्यायचा, तिकडं ठेवायचा.
साहेबांनी काढला त्याला."
मग?
"मग काय. कंपनीच गेली."
त्याच्यामुळे?
"छे! ती जाणारच होती."
नाव आठवेना त्यांना. कोपऱ्याकडे हात करून
दोनदा हवेतच उचलून ठेवलं काहीतरी.
"अंबाडीची भाजी आणायचा. आंबटढाण."

पाचवं परत बसवलं. दिवाळी त्यातच गेली.
सुळका आला, आधीपेक्षा जरा बुटका.
नोंदवहीत 'कार्य' या रकान्यात
मी लिहिलं, माहीत नाही.
मग ते खोडून लिहिलं, धरतं.
मॅडमनी त्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय.

पोशाकाकांचा डबा धुऊन ठेवलाय खिडकीत.
झाकण सापडत नाहीये.