सुटी बशी

बांगडी फुटली तर ‘वाढवली’ म्हणायचं.
बशीला असला मान नाही.
बशी फुटली म्हणजे फुटली,
तीन तुकडे
आणि चिमूटभर चुरा, जो अजून तळपायाला सापडतोय.

आधी चिकटवून बघितली.
सांधा बसला चांगला, पण चहा सांडेल तशी
रेघ तपकिरी होत गेली.
मग कप तेवढा पेपरात गुंडाळून
लक्ष्मीपुरीत गेलो.

शिकलगारांच्या दुकानात एक पोरगा
भुसकटातून रश्श्याच्या वाट्या काढून
टिचकी मारून बघत होता:
टण्ण, टण्ण, टण्ण, थप्प.
थप्प वाजली ती बाजूला.

मुश्ताकभाईंनी कप उलटा केला,
बुडाचा शिक्का अंगठ्यानं पुसला.
“ही निळी वेल बंद झाली ओ.
सहाचा सेट घ्या. सुटं कुठलं गावतंय आता?”
मग काय वाटलं कुणास ठाऊक,
गल्ल्याखालनं एक वही काढली.
वहीत नुसती एकेकटी भांडी.
बरणी आहे, झाकण नाही.
किटली, तोटीला टवका.
आणि, नेजदार, कसबा बावडा:
बशी आहे, कप पाहिजे.
तारीख चार वर्षांपूर्वीची.

नेजदारवहिनींनी आधी कप हातात घेतला,
नाव नंतर विचारलं.
“बशी द्यायची न्हाई हं,” म्हणाल्या.
“कप मीही देत नाही.”
“मग आलाय कशाला?”
याला उत्तर नव्हतं.
त्यांनी चहा ठेवला. आलं जरा जास्तच.

वेल जुळली, अगदी पानाला पान.
खाच जुळली नाही.
कप सूतभर लहान, नाहीतर बशी सूतभर मोठी;
टेकवला की किणकिणायचा.
“लॉट दुसरा असणार,” मी म्हणालो.
“असंल,” म्हणाल्या,
आणि अर्धा चहा बशीत ओतून घेतला.
त्या बशीनं प्याल्या,
मी कपानं, कान धरून.
दोघांनी फुरका मारला तेव्हा
गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवली.

परतताना दुकानात डोकावलो.
“खोडायचं का नाव?”
“नको,” म्हटलं, “राहू दे.
माझं लिहा खाली.”
मुश्ताकभाईंचं पेन चालेना.
तळहातावर दोनदा ओढून बघितलं,
तिसऱ्यांदा उमटलं:
कप आहे.